स्वतः घडवलेली लिनक्स प्रणाली इतरांना देताना: परवाने, नावे आणि वितरकाची जबाबदारी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्थिर आवृत्तीवरून स्वतःची एक कार्यप्रणाली तयार केली आहे. तिच्यात निराळा डेस्कटॉप, बदललेली काही पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे), वायफायचे फर्मवेअर (यंत्रभाग चालवणारे सॉफ्टवेअर), व्हिडिओचे कोडेक (व्हिडिओ आकसवणारे आणि उलगडणारे सॉफ्टवेअर), निवडक फॉन्ट आणि आपण लिहिलेल्या स्क्रिप्ट आहेत. तिची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली सामावणारी एकच फाइल) संकेतस्थळावर ठेवायची, मागेल त्याला पेन ड्राइव्हवर द्यायची आणि पुढेमागे ती आधीच बसवलेले लहान संगणक विकायचे असा आपला विचार आहे. सारे मूळ सॉफ्टवेअर मुक्तस्रोत (ओपन सोर्स) असताना कायद्याने आणखी काय पाहावे लागते, असे आपण विचारले आहे.

हे सारे आपण करू शकता, आणि त्यासाठी पैसेही घेऊ शकता. मुक्तस्रोत परवाने विक्रीला मनाई करत नाहीत. प्रत देण्याच्या कृतीबद्दल शुल्क घेता येईल असे जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत स्पष्टच लिहिलेले आहे. परंतु "मुक्तस्रोत" ही सरसकट दिलेली एकच परवानगी नव्हे. आपल्या आयएसओमध्ये साधारण दीड-दोन हजार पॅकेजेस असतील. त्यांतील जवळजवळ प्रत्येकाचा कॉपीराइट कोणाचा तरी आहे, त्या मालकाने तो सोडून दिलेला नाही, आणि विशिष्ट अटी पाळल्या तरच प्रती वाटण्याची मुभा त्याने दिलेली आहे. ज्या क्षणी आपली आयएसओ दुसऱ्याच्या हाती जाते, त्या क्षणी आपण केवळ आपल्या बदलांचे नव्हे, तर त्या दीड-दोन हजार पॅकेजेसपैकी प्रत्येकाचे वितरक ठरता. मी अनेक वर्षे अशा प्रणाली बांधण्याचे आणि प्रकाशनापूर्वी तपासण्याचे काम करत आलो आहे, आणि माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चुका या एका गोष्टीचे भान नसल्यामुळे झालेल्या आहेत.

वितरण कशाला म्हणायचे, हे आधी निश्चित करून घेऊ. स्वतःच्या संगणकावर आपण कितीही बदल केले तरी जीपीएल आपल्याकडून काहीही मागत नाही. एखाद्या संस्थेने स्वतःच्याच संगणकांवर बदललेली प्रणाली बसवली, तरी ते सामान्यतः वितरण मानले जात नाही. प्रत दुसऱ्या व्यक्तीच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात गेली की मात्र वितरण झाले. ती फुकट दिली की विकली, एकाला दिली की हजारांना, याने फरक पडत नाही. आभासी यंत्राची डिस्क, कंटेनरची प्रतिमा, मेघसेवेत इतरांना उचलता येईल अशी ठेवलेली प्रत, हे सारे आयएसओप्रमाणेच धरावे. "ही अजून चाचणी आवृत्ती आहे" असे लिहिल्याने कोणतीही सूट मिळत नाही.

आता सोर्स कोडचा, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुराचा, विषय घेतो. सर्वांत जास्त काम इथेच आहे. लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) केवळ जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, बॅश (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) आणि ग्रब (संगणक सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम) तिसऱ्या आवृत्तीखाली आहेत, आणि ग्नू सी लायब्ररी मुख्यतः एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य रूपाखाली आहे. या सर्वांची समान अट अशी की बायनरी (सोर्स कोडपासून बनवलेली, थेट चालणारी फाइल) दिली तर तिच्याशी तंतोतंत जुळणारा संपूर्ण सोर्स कोडही मिळण्याची सोय वितरकाने करावी. "मी ते पॅकेज बदललेलेच नाही, डेबियनकडून घेतले तसेच ठेवले आहे, तेव्हा सोर्स कोड डेबियनकडे मिळेल" हा युक्तिवाद बहुतेक सर्व जण करतात, परंतु तो टिकत नाही. बदल केला की नाही याच्याशी या अटीचा संबंध नाही. बायनरी कोणी दिली एवढेच ती पाहते. २००६ मध्ये मेपिस या त्या काळच्या लोकप्रिय वितरणाला जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नेमकी याच मुद्द्यावर विचारणा केली होती. मूळ वितरणातून न बदलता घेतलेल्या पॅकेजेसचा सोर्स कोड मूळ वितरणाकडे उपलब्ध आहे, तेवढे पुरे, असे मेपिसने गृहीत धरले होते. पण त्या पॅकेजेसचा सोर्स कोड देण्याची जबाबदारीही त्यांचीच होती. लहान प्रकल्पांवर याने किती बोजा पडतो, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. बोजा खरोखरच पडतो. तरीही अटीमागचा विचार मला पटतो: ज्याने प्रणाली हाती दिली त्याच्याकडेच तिचा सोर्स कोड मागता आला पाहिजे, वापरणाऱ्याला दारोदार फिरण्याची वेळ येऊ नये.

ही सोय कशी करायची, याचे मार्ग परवान्यातच दिलेले आहेत. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे सोर्स कोड बायनरीसोबत देता येतो, किंवा तो मागणाऱ्या कोणालाही किमान तीन वर्षे देऊ, असा लेखी देकार बायनरीसोबत जोडता येतो. त्यासाठी प्रत पुरवण्याच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आपल्याला मिळालेला दुसऱ्याचा देकार तसाच पुढे देण्याचा तिसरा मार्गही आहे, पण तो केवळ बिगरव्यापारी वितरणासाठी असून असा देकार आपल्याला मुळात मिळालेला असावा लागतो. डेबियनच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यातून) पॅकेजेस उतरवून घेताना लेखी देकार मिळत नाही, म्हणून हा मार्ग आपल्याला सहसा उपयोगी नाही. फाइल इंटरनेटवर ठेवत असाल तर बायनरी जिथून उतरवता येते तिथूनच सोर्स कोडही तितक्याच सहजपणे उतरवता आला, की दुसऱ्या आवृत्तीची अट पुरी होते. २००७ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने येथे थोडी मोकळीक दिली आहे: सोर्स कोड दुसऱ्याच्या सर्व्हरवर असला तरी चालतो, फक्त तो कोठे आहे हे बायनरीच्या शेजारी स्पष्ट लिहावे लागते. पण त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की तो सोर्स कोड आवश्यक तितका काळ तिथे राहील याची जबाबदारी आपलीच राहते. आपल्या आयएसओमध्ये दोन्ही आवृत्त्यांखालची पॅकेजेस एकत्र असणार, त्यामुळे कडक अट पाळली की दोन्ही पाळल्या जातात.

व्यवहारात घोटाळा होतो तो आवृत्त्यांच्या बाबतीत. आपण मार्चमध्ये आयएसओ बांधता. एप्रिलमध्ये मूळ रिपॉझिटरीत सुरक्षेची दुरुस्ती येते, पॅकेजची नवी आवृत्ती जुनीची जागा घेते आणि जुन्या आवृत्तीचा सोर्स कोड चालू रिपॉझिटरीतून नाहीसा होतो. आपली आयएसओ मात्र मार्चमधलीच असते. मी एका गटाला या बाबतीत मदत केली होती. त्यांच्याकडे दोन वर्षांपूर्वीच्या आयएसओसाठी सोर्स कोडची मागणी आली, तेव्हा सुमारे चाळीस पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या कोठेच हाताशी नव्हत्या. त्यातली बहुतेक डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात सापडली, कारण तिथे पॅकेजेसच्या जुन्या आवृत्त्या तारखेनुसार जतन केलेल्या असतात. परंतु त्या गटाने स्वतः बदललेल्या तीन पॅकेजेसचे ठिगळ (पॅच, म्हणजे मूळ कोडमध्ये केलेल्या बदलांची फाइल) ज्या संगणकावर होते तो संगणकच निकामी झाला होता. त्या तीन पॅकेजेससाठी कोणताही संग्रह उपयोगाचा नव्हता. सोर्स कोड न देता त्यांच्या बायनरी वाटत राहण्याचा अधिकार त्या गटाला नव्हता, म्हणून अखेर ती आयएसओ मागे घ्यावी लागली.

म्हणून माझा ठाम आग्रह असा की बायनरी आणि सोर्स कोड एकाच वेळी, एकाच यादीवरून गोळा करावेत. आयएसओ बांधणारी स्क्रिप्ट संपताना बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव आणि नेमकी आवृत्ती लिहून ठेवते, त्या यादीवरून प्रत्येकाचे सोर्स पॅकेज त्याच दिवशी उतरवून घेते आणि एकाही पॅकेजचा सोर्स मिळाला नाही तर बांधणी अयशस्वी ठरवते, अशी रचना करावी. डेबियनचे लाइव्ह-बिल्ड हे साधन वापरत असाल तर त्यात सोर्सची वेगळी प्रतिमा तयार करण्याचा पर्याय आहेच. तो चालू करावा आणि दोन्ही फाइली एकाच फोल्डरात प्रकाशित कराव्यात. साठवणुकीची काही गिगाबाइट जागा जास्त लागेल, पण पत्ते, देकार आणि तीन वर्षांची बांधिलकी सांभाळण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ सोपा आहे. पेन ड्राइव्ह देताना सोर्स त्याच ड्राइव्हवर मावत असेल तर तिथेच द्यावा. मावत नसेल तर लेखी देकार छापील कागदावर किंवा ड्राइव्हमधील ठळक फाइलमध्ये द्यावा आणि तो पाळण्याची खरी तयारी ठेवावी.

"संपूर्ण सोर्स कोड" म्हणजे फक्त सी भाषेतल्या फाइली नव्हेत. बांधणी आणि स्थापना नियंत्रित करणाऱ्या स्क्रिप्टही जीपीएलच्या व्याख्येत येतात. कर्नल स्वतः संकलित केला असेल तर त्याची संरचना-फाइल आणि सारी ठिगळे द्यावी लागतात. आपण बदललेल्या फाइलींमध्ये बदल केल्याची आणि त्याच्या तारखेची ठळक नोंद असावी, असेही दुसरी आवृत्ती सांगते. पॅकेजच्या बदलनोंदीत आणि ठिगळांच्या शीर्षभागात ती लिहिण्याची सवय ठेवली तर हे काम आपोआप होते.

जीपीएलखेरीजचे परवाने सौम्य आहेत, पण शून्य नाहीत. एमआयटी आणि बीएसडी परवान्यांना सोर्स नको असतो, मात्र कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत राहिला पाहिजे असतो. अपाचे परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत मूळ प्रकल्पाने नोटिस नावाची फाइल दिली असेल तर तिच्यातील श्रेयनोंदीही पुढे न्याव्या लागतात. डेबियनमध्ये ही सारी माहिती प्रत्येक पॅकेजच्या दस्तऐवज-फोल्डरातील "कॉपीराइट" या फाइलीत असते. आयएसओचा आकार कमी करण्यासाठी अनेक जण दस्तऐवजांचे ते सगळे फोल्डर एका आज्ञेने पुसून टाकतात, आणि त्यासरशी शेकडो परवान्यांचा एकदम भंग करून बसतात. मोठे दस्तऐवज खुशाल काढावेत, परंतु कॉपीराइटच्या फाइली आणि सामाईक परवान्यांचा फोल्डर यांना हात लावू नये. डेबियनच्या कंटेनरसाठी बनवलेल्या सडपातळ प्रतिमांमध्येही नेमके हेच केलेले असते.

यानंतर नावांचा विषय, आणि तो कॉपीराइटपेक्षा पूर्ण वेगळा आहे. सोर्स कोडचा परवाना आपल्याला कोड देतो; प्रकल्पाचे नाव आणि बोधचिन्ह देत नाही. ती ट्रेडमार्कच्या कायद्याखाली येतात, आणि त्यामागचे कारण रास्त आहे: आपण बदललेली प्रणाली बिघडली, तर लोकांनी ती मूळ प्रकल्पाची चूक समजू नये. रेड हॅट या कंपनीच्या सोर्स कोडवरून बांधल्या गेलेल्या सेंटओएस या वितरणाने म्हणूनच सुरुवातीपासून मूळ नाव आणि चिन्हे काढून टाकली होती, आणि आपल्या वर्णनात त्या कंपनीचे नाव न घेता "उत्तर अमेरिकेतील एक प्रमुख एंटरप्राइझ लिनक्स विक्रेता" अशा अर्थाचा शब्दप्रयोग ते करत असत. डेबियनलाही हा अनुभव आला. फायरफॉक्समध्ये स्वतःची ठिगळे लावून आणि अधिकृत चिन्ह न वापरता ते नाव तसेच ठेवण्यावर तो ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने हरकत घेतली, तेव्हा २००६ मध्ये डेबियनने त्या ब्राउझरचे नाव आइसवीझल केले, आणि दोन्ही बाजूंत समझोता होऊन मूळ नाव परत यायला २०१६ उजाडले. डेबियनसारख्या मोठ्या प्रकल्पाला जी अट लागू झाली ती आपल्यालाही लागू आहे: फायरफॉक्स मोझिलाच्या धोरणात न बसणारे बदल करून देणार असाल तर नाव बदलावे लागेल.

प्रत्येक प्रकल्पाचे धोरण वेगळे असते आणि ते मुळातून वाचावे लागते. फेडोरा या वितरणात "फेडोरा रीमिक्स" हे खास अशाच उपयोगासाठी ठेवलेले नाव आहे आणि चिन्हांची पॅकेजेस काढून त्यांच्या जागी बसवण्यासाठी निनावी पर्यायी पॅकेजेस तयार आहेत. उबुंटू या वितरणाच्या बाबतीत ते बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचे धोरण असे सांगते की मान्यता नसताना बदललेली आवृत्ती वाटायची असेल, तर ट्रेडमार्क काढावेत आणि सोर्स कोड पुन्हा संकलित करून स्वतःच्या बायनरी बनवाव्यात. जीपीएलखालील पॅकेजेसना ही अट कशी लावता येईल, यावर बराच वाद झाला, आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन व सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी यांच्याशी चर्चा झाल्यावर जुलै २०१५ मध्ये त्या धोरणात एक वाक्य वाढवण्यात आले: घटकांच्या मुक्तस्रोत परवान्यांनी दिलेल्या हक्कांवर या धोरणाचा परिणाम होत नाही. आपण डेबियनवरून काम केले, हे या दृष्टीने सोयीचे आहे. डेबियनचे ट्रेडमार्क सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट या संस्थेकडे आहेत आणि "डेबियनवर आधारित" असे खरे विधान करायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. आपल्या प्रणालीच्या नावातच डेबियन हा शब्द घालून ती अधिकृत असल्याचा भास निर्माण करणे मात्र टाळावे. "लिनक्स" हा शब्दही लिनक्सचे मूळ निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावावर नोंदलेला ट्रेडमार्क आहे. तो आपल्या उत्पादनाच्या नावाचा भाग करायचा असेल तर लिनक्स फाउंडेशनकडून विनाशुल्क उपपरवाना घेता येतो.

जुने नाव शोधून काढणे हे चिकाटीचे काम आहे. भिंतचित्र बदलले म्हणजे झाले, असे नाही. सुरू होतानाचे चित्र, स्थापकातील पाने, प्रणालीची ओळख सांगणारी ओएस-रिलीज ही फाइल, ब्राउझरचे मुखपृष्ठ, मदतीचे दुवे आणि चूक कळवण्याचा पत्ता, इतक्या ठिकाणी ते दडलेले असते. यातला शेवटचा मुद्दा कायद्यापेक्षा सौजन्याचा आहे, पण मी तो तितकाच महत्त्वाचा मानतो: आपल्या बदलांमुळे झालेल्या बिघाडांच्या तक्रारी मूळ प्रकल्पाच्या स्वयंसेवकांकडे जाऊ देऊ नयेत. ओएस-रिलीजमध्ये स्वतःचे नाव लिहून "कशासारखे" या स्वतंत्र नोंदीत डेबियन लिहिले, की त्या नोंदीवर अवलंबून असलेली साधनेही सहसा चालत राहतात.

आपल्या यादीतील फर्मवेअर, कोडेक आणि फॉन्ट यांच्याकडे आता वळतो. यातल्या अनेक वस्तू मुक्तस्रोत नसतात आणि डेबियनची एक मोठी हमी येथे संपते. डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरविषयक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये असे एक तत्त्व आहे की परवान्याने दिलेले हक्क केवळ डेबियनपुरते असता कामा नयेत. त्यामुळे मुख्य विभागातील प्रत्येक पॅकेज आपल्यालाही त्याच हक्कांनिशी मिळते. "नॉन-फ्री" विभागाला ही हमी नाही. तिथल्या एखाद्या पॅकेजला बदल न करता वाटण्यापुरतीच परवानगी असेल, दुसऱ्याला केवळ बिगरव्यापारी वापराची असेल, म्हणून प्रत्येकाची कॉपीराइट फाइल स्वतः वाचावी. त्या मानाने वायफायच्या फर्मवेअरचा प्रश्न सोपा आहे. लिनक्स-फर्मवेअर संग्रहात कोणती फाइल कोणत्या परवान्याखाली आहे याची नोंद असलेली एक फाइल असते, आणि बहुतेक परवाने मूळ बायनरी न बदलता, परवान्याच्या मजकुरासह वाटू देतात. डेबियननेही २०२२ च्या मतदानानंतर फर्मवेअरसाठी वेगळा विभाग केला आणि २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून अधिकृत स्थापकात ते समाविष्ट केले. तेवढ्याच फाइली, त्यांच्या परवान्यांसह, आपणही ठेवाव्यात.

कर्नलमध्ये जोडले जाणारे बंदिस्त ड्रायव्हर हा अधिक नाजूक विषय आहे. २००६ मध्ये कोरोरा नावाच्या लाइव्ह सीडीने ग्राफिक्सचे बंदिस्त ड्रायव्हर कर्नलसोबत दिले, आणि हा जीपीएलचा भंग असल्याची तक्रार तिच्या कर्त्याला मिळाली. झेडएफएस या फाइलप्रणालीचे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) कर्नलसोबत देण्याबद्दल २०१६ मध्ये, उबुंटूच्या १६.०४ आवृत्तीच्या वेळी, या विषयातल्या दोन जाणत्या संस्थांनी परस्परविरोधी मते मांडली: सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीने त्याला परवान्याचा भंग म्हटले, तर सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने ते चालू शकते असा पक्ष घेतला. जिथे या विषयाला वाहून घेतलेल्या वकिलांचे एकमत नाही, तिथे लहान प्रकल्पाने तयार मॉड्यूल आयएसओमध्ये घालू नये, असा माझा सल्ला आहे. वापरणाऱ्याच्या संगणकावर त्याच्या इच्छेने ते बांधले जाईल अशी सोय ठेवावी. जीपीएलच्या अटी प्रत वाटण्याला लागतात, स्वतःच्या यंत्रावर मॉड्यूल जोडण्याला नाही.

कोडेकमध्ये कॉपीराइटच्या जोडीला पेटंट येतात आणि ती देशागणिक बदलतात. एमपी३ ची चिंता आता उरलेली नाही. तिचा परवाना-कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ-स्वरूपांची मात्र आहे. याच कारणाने फेडोराने २०२२ मध्ये ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमधून या दोन्हींची हार्डवेअर-सोय काढून टाकली. सिस्को कंपनीच्या ओपनएच२६४ या कोडेकचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याचा सोर्स कोड बीएसडी परवान्याखाली आहे आणि पेटंटचे शुल्क सिस्को भरते, पण ते केवळ सिस्कोनेच पुरवलेल्या आणि वापरणाऱ्याच्या यंत्रावर स्वतंत्रपणे उतरवलेल्या बायनरीसाठी. तीच फाइल आपण आयएसओमध्ये घातली की पेटंटचे संरक्षण गळून पडते. अशा वस्तू प्रथम वापराच्या वेळी मूळ स्रोताकडून उतरवाव्यात, हे त्यावरचे सरळ उत्तर होय. काही जुन्या, लोकप्रिय फॉन्टांबाबतही असेच आहे: मायक्रोसॉफ्टच्या वेब-फॉन्टांचा परवाना ते मूळ स्वरूपातच वाटू देतो, म्हणून डेबियनचे त्यासाठीचे पॅकेज फॉन्ट स्वतःजवळ न ठेवता स्थापनेच्या वेळी उतरवून घेते. मुक्त फॉन्ट परवान्याखालचे फॉन्ट निर्धास्तपणे ठेवावेत. त्यात बदल केल्यास मात्र मूळ लेखकाने राखून ठेवलेले नाव बदलावे लागते, हे विसरू नये.

चालू असलेल्या स्वतःच्याच संगणकाची प्रतिमा घेऊन आयएसओ बनवण्याची पद्धत प्रचलित आहे. ती पूर्णपणे सोडून द्यावी अशी विनंती करतो. अशा प्रतिमेत वायफायचे पासवर्ड, ब्राउझरचा इतिहास, एसएसएचच्या (दूरच्या संगणकात शिरण्याच्या) खासगी किल्ल्या आणि विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे परवाना-क्रमांक बाहेर गेलेले मी पाहिले आहेत. शिवाय अशा प्रतिमेत नेमके काय आहे याची यादी बनवणाऱ्यालाच माहीत नसते, मग सोर्स कोडची सोय करणे दूरच राहिले. पॅकेजांच्या यादीवरून, रिकाम्यापासून बांधलेली आयएसओ हीच वितरणाला योग्य.

आपण लिहिलेल्या स्क्रिप्ट, भिंतचित्रे आणि मांडणी यांनाही परवाना द्यावा. परवाना नसलेल्या वस्तूची प्रत काढायचा हक्क इतरांना मिळत नाही, आणि आपली प्रणाली पुढे कोणी सुधारून वाटायची म्हटली तर ते तिथेच अडते. भिंतचित्रे दुसऱ्याची असतील तर बिगरव्यापारी अट असलेली चित्रे टाळावीत, कारण उद्या संगणक विकताना ती अट आडवी येईल. याउलट, संपूर्ण आयएसओवर "पुनर्वितरणास मनाई" किंवा "केवळ वैयक्तिक वापरासाठी" अशी सूचना लावू नये. जीपीएलने दिलेल्या हक्कांवर जादा बंधने घालण्यास तोच परवाना मनाई करतो, आणि तसे करणाऱ्याचा स्वतःचा वाटण्याचा हक्कच धोक्यात येतो.

संगणकांसह विक्री सुरू केली की आणखी काही जबाबदाऱ्या येतात. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार घरगुती वापराच्या उपकरणात त्या परवान्याचे सॉफ्टवेअर बसवून दिले, आणि ते बदलणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल, तर ग्राहकाला बदललेली आवृत्ती त्या उपकरणावर बसवून चालवता येईल अशी माहिती, गरज असल्यास किल्ल्यांसह, द्यावी लागते. ग्रब याच परवान्याखाली असल्यामुळे सुरक्षित बूट (मान्य सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) कायमचे कुलूपबंद करून विकणे अडचणीचे ठरते. ग्राहकाला ते बंद करता येईल किंवा स्वतःची किल्ली नोंदवता येईल असे ठेवावे. तसेच भौतिक उपकरणासोबत लेखी देकार दिला, तर तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे तो किमान तीन वर्षे आणि त्याहून पुढे आपण त्या उपकरणाचे सुटे भाग किंवा सेवा देत राहू तोवर पाळावा लागतो. परवान्यांतील "कोणतीही हमी नाही" हे कलम मूळ लेखकांचे रक्षण करते, पण विक्रेता म्हणून ग्राहक-संरक्षणाच्या कायद्यातून आपली सुटका करेलच असे नाही. युरोपीय संघात विकायचे असेल तर २०२४ चा सायबर लवचिकतेचा कायदाही पाहावा लागेल: त्याच्या मुख्य जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात, आणि व्यापारी हेतूविना दिलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्यातून वगळलेले असले तरी विक्रीच्या उपकरणातली प्रणाली वगळलेली नाही. विक्रीच्या या टप्प्यावर स्थानिक वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. त्याआधीच्या सर्व गोष्टी आपण स्वतः काळजीपूर्वक करू शकता.

समजा, सारे करूनही काही राहून गेले आणि कोणी तसे लिहून कळवले, तर घाबरून गप्प बसणे हा सर्वांत वाईट प्रतिसाद होय. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली अटींचा भंग होताच वाटण्याचा हक्क आपोआप संपतो, आणि ही केवळ कागदावरची गोष्ट नाही: म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये कर्नल-विकासक हॅराल्ड वेल्टे यांच्या तक्रारीवरून सिटेकॉम या कंपनीविरुद्धचा मनाईहुकूम कायम ठेवला होता. तिसऱ्या आवृत्तीत सुधारण्याची संधी आहे. प्रथमच भंग केलेल्याने सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली तर हक्क कायमचे परत मिळतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये अनेक कर्नल-विकासकांनी निवेदन काढून स्वतःच्या योगदानापुरती हीच सवलत दुसऱ्या आवृत्तीच्या कर्नललाही देऊ केली. तक्रार करणाऱ्या बहुतेकांना पैसे नव्हे, तर सोर्स कोड हवा असतो. म्हणून लगेच पोच द्यावी, ती आयएसओ तात्पुरती उतरवावी, राहिलेला सोर्स प्रसिद्ध करावा आणि काय केले ते त्यांना कळवावे.

आपल्या वर्णनावरून असे दिसते की पहिली आयएसओ काही ओळखीच्यांकडे आधीच गेली आहे. ती ज्या दिवशी बांधली त्या दिवसाच्या पॅकेज-आवृत्त्यांची यादी आताच तिच्यातून काढून घ्यावी, त्यांचा सोर्स स्नॅपशॉट संग्रहातून उतरवून स्वतःजवळ जपून ठेवावा, आणि आपण बदललेल्या पॅकेजेसची ठिगळे आजच दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावीत. संकेतस्थळावर ती जुनी फाइल न ठेवता, कोडेक आणि बंदिस्त मॉड्यूल बाहेर काढून, नवे नाव घालून, सोर्सच्या प्रतिमेसह नव्याने बांधलेली आयएसओच प्रसिद्ध करावी.